स्पिन्स्टरच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या

१

सोमवारी सकाळी ताईंनी 'एस'च्या कपाटातला चौदावा खण ओढला आणि तो इतका सहज बाहेर आला की त्या दोन पावलं मागे गेल्या. खणात एक चिटोरं नव्हतं. शनिवारी दुपारपर्यंत त्याच खणात त्रेचाळीस चिठ्ठ्या होत्या, एकाच शब्दाच्या. शब्द होता 'स्पिन्स्टर'.

जुन्या इंग्रजी शब्दांचा कोश तयार करणारी ती कचेरी. एकेका शब्दासाठी वर्षानुवर्षं चिठ्ठ्या लिहायच्या. हा शब्द कुठून आला, कधी कोणत्या अर्थानं वापरला, पुढे त्याचं काय झालं. चिठ्ठ्या खणात, खण कपाटात, आणि कपाटांच्या खोलीची किल्ली ताईंच्या कमरेला. एकतीस वर्षं हाच क्रम.

पाच मिनिटांत मुख्य संपादक आले. त्यांना सगळे 'सर' म्हणायचे, आणि ते तसं म्हणवून घ्यायचे.

"मी सांगतो चिठ्ठ्या कुठे गेल्या," सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "या बाईंनीच गायब केल्या. गेल्या आठवड्यात मी या शब्दाचा अर्थ एका ओळीत दिला, 'वय उलटून गेलेली बिनलग्नाची बाई'. तो यांना झोंबला. का झोंबला ते मी सांगायला नको."

ताई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि लग्न न केलेल्या होत्या. खोलीत कोणी हसलं नाही, पण कोणी सरांना गप्पही केलं नाही.

संस्थेच्या अध्यक्षबाई काठी टेकत वर आल्या. त्यांना भांडणांचा मनस्वी कंटाळा होता आणि या कचेरीत दुसरं काही पिकतच नव्हतं. "या चिठ्ठ्या मी स्वतः बघायला मागितल्या होत्या, आणि गुरुवारी खंड छपाईला जाणार," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या मिळाल्या तर शब्दाचा पूर्ण इतिहास छापू. नाही मिळाल्या तर सरांची एक ओळ छापू. आणि ताई, किल्ली तुमच्याकडे होती. चिठ्ठ्या नाही मिळाल्या तर तुम्हाला घरी बसावं लागेल. आतल्या पहिल्या पानावर तुमचं नाव यायचं ठरलं होतं, तेही येणार नाही."

ताईंनी रिकामा खण आत ढकलला. एकतीस वर्षांत त्यांचं पूर्ण नाव कुठेही छापून आलं नव्हतं.

"शोध कोण घेणार?" सरांनी विचारलं.

अध्यक्षबाईंनी काठी कोपऱ्यातल्या टेबलाकडे रोखली. "हे घेतील. यांचं इथे एकाशीही पटत नाही, तेव्हा कोणाची बाजू घ्यायचा प्रश्नच नाही."

२

कोपऱ्यातल्या टेबलावर मुद्रितशोधक बसायचा. छपाईआधी प्रत्येक पानातल्या चुका काढणं हे त्याचं काम, आणि माणसांतल्या चुका काढणं हा त्याचा स्वभाव. कचेरीत त्याला पाठीमागे 'काना-मात्रा' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. या सगळ्यांच्यात नाव ठेवण्याइतकी तरी अक्कल आहे, असं तो म्हणे.

तो कोशात आला त्याआधी वीस वर्षं छापखान्यात जुळारी होता. अक्षराचा शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं. त्या दिवसांची एकच खूण त्याच्या टेबलावर होती. शिशाच्या चार ओळींचा, दोऱ्यानं बांधलेला ठोकळा. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला.

ताईंशी त्याचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. एकदा भर सभेत त्यानं त्यांच्या चिठ्ठीवर लाल शाईची भली मोठी फुली मारली होती. त्या दिवसापासून दोघं एकमेकांच्या टेबलावर कागद ठेवत, मान फिरवत आणि निघून जात.

आता तो त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"तुम्ही चोर नाही असं मी धरून चाललेलो नाही," त्यानं सुरुवातच तशी केली.

"मी कुठे तशी विनवणी केली?"

"शनिवारी किल्ली कुठे होती?"

"जेवणाच्या सुट्टीत खोलीला कुलूप लावते आणि किल्ली ऑपरेटरच्या टेबलाजवळच्या खिळ्याला अडकवते. अर्धा तास. हे कपाटांनासुद्धा ठाऊक आहे."

"त्या चिठ्ठ्यांत एवढं होतं काय?"

ताईंचा आवाज बदलला. राग होताच, पण त्यात दुसरंही काही होतं.

"सहाशेहून जास्त वर्षांपूर्वी हा शब्द धंद्याचा होता. 'स्पिन' म्हणजे सूत कातणं, आणि पुढचं 'स्टर' लागायचं ते काम करणाऱ्या बाईला. विणणारी, दारू गाळणारी, पाव भाजणारी, सगळ्यांना तसंच. कागदपत्रांत बाईचं नाव लिहायचं आणि पुढे तिचं काम लिहायचं. स्पिन्स्टर. कातणारी. स्वतःच्या हातावर पोट असलेली बाई. पुढे तीनशे वर्षांनी सरकारी कागदांत तोच शब्द 'लग्न न झालेली' अशा अर्थी लिहायला लागले. आणि त्यानंतर त्याची शिवी झाली. तुमच्या सरांना फक्त शेवटचं छापायचंय."

"माझे सर नाहीत ते."

"मग कोणाचे आहेत?" ताई म्हणाल्या आणि पाठ फिरवून बसल्या.

काना-मात्रा उठला. बाई चोर असतील-नसतील, पण एवढं बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ज्या कागदांसाठी माणूस रडतो ते कागद तो लपवत नाही, असं त्याला वाटून गेलं. लगेच त्यानं स्वतःलाच झापलं. वाटण्याला काय अर्थ आहे? पुरावा पाहिजे.

३

ऑपरेटर चाळिशीची, दोन पोरांची आई. कोशाची पानं ती कॉम्प्युटरवर जुळवायची. ती आणि ताई म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. ताईंनी तिच्या मोबाइलबद्दल दोनदा लेखी तक्रार केली होती.

"काका, मला कशाला विचारता? मला त्या शब्दाचा अर्थसुद्धा माहीत नाही. मी टाइप करते, वाचत नाही."

"ते तुझ्या पानांवरून दिसतंच. शनिवारी सुट्टीत जागेवर होतीस?"

"होते की."

"पूर्ण अर्धा तास?"

"काका, देवाशपथ."

"देवाला मध्ये घेऊ नकोस, त्याला कामं आहेत. पहारेकरी म्हणतो, तू जिन्यात उभी राहून फोनवर कोणाला तरी फाडून खात होतीस."

ऑपरेटरचं तोंड उतरलं. "नणंदेचा फोन होता," ती पुटपुटली. "पंधरावीस मिनिटं. हे ताईंना सांगू नका हं, तिसरी तक्रार करतील." मग विषय बदलायला तिनं त्याच्या हातातला ठोकळा घेतला. विचार करताना तो ठोकळा हातात घेऊन फिरायचा. "हे काय लिहिलंय हो यावर? किती वेळा विचारलं तुम्हाला. सगळं उलटं. परवा पर्समधल्या आरशात धरून बघत होते तर तुम्ही ओरडलात."

"ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं," काना-मात्रा म्हणाला आणि ठोकळा काढून घेतला.

म्हणजे किल्ली पंधरावीस मिनिटं बेवारस लटकत होती. एवढ्यात कोणीही खोली उघडू शकला असता. ऑपरेटर स्वतःही.

दुपारी सर आपणहून त्याच्या टेबलाशी आले. खुर्ची ओढली नाही. उभ्याउभ्याच बोलले.

"काय शोध लागला?"

"एक विचारायचं होतं," काना-मात्रा म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी याच शब्दावरच्या तुमच्या व्याख्यानाला पदक मिळालं. पुस्तिका मीच तपासली होती. त्यात कातणाऱ्या बायका, धंदा, कागदपत्रं, सगळा इतिहास होता. मग कोशातून तोच इतिहास का गाळताय?"

"जागा नाही."

"शेजारच्या 'स्पिनेट' वाद्याला पाऊण पान दिलंय."

सरांनी टेबलावरचा ठोकळा उचलून त्यावरून नजर फिरवली आणि ओठ वाकडा केला. "'उशिरा येणाऱ्यांना प्रवेश नाही.' वा! तुमच्या तपासाला अगदी शोभतं. गुरुवारपर्यंत काही सापडलं नाही ना, तर त्या बाईंबरोबर तुम्हीही घरी बसा. तिथे दोघं मिळून शब्द मोजा."

ठोकळा टेबलावर आपटून ते निघून गेले. काना-मात्रा बराच वेळ त्या ठोकळ्याकडे बघत बसला. काहीतरी चुकीचं घडून गेलं होतं, पानातली चूक नजरेला टोचते तसं टोचत होतं, पण काय ते त्याला सापडेना.

४

बुधवारी तो पुन्हा पहारेकऱ्याला भेटला. इमारतीला दार एकच. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची असा नियम. एक चिठ्ठीही बाहेर जाता कामा नये.

"सरांचीसुद्धा?"

"सरांचीसुद्धा. शिव्या देतात, पण बघतो मी."

म्हणजे चिठ्ठ्या आतच होत्या. फाडल्या असतील? ते काना-मात्राला पटेना. या धंद्यातला माणूस माणसाचा गळा दाबेल पण चिठ्ठी फाडणार नाही. जाळायला कचेरीत काडेपेटीलाही बंदी होती. मग कागद लपवायला सगळ्यात चांगली जागा कोणती? कपाटांतले चार लाख कागद.

त्यातही रोज उघडणारे खण नकोत. छापून झालेल्या खंडांचे खण मात्र कोणी उघडत नाही. त्यांतल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करून ताई दोऱ्यानं बांधत आणि वर दुहेरी गाठ मारत. काना-मात्रानं ताईंकडून किल्ली मागून घेतली. त्यांनी ती हातात न देता टेबलावर आपटली.

त्यानं 'ए'पासून सुरुवात केली. गठ्ठा उचलायचा, गाठ बघायची, ठेवायचा. दुहेरी गाठ. दुहेरी गाठ. नाकात धूळ, पाठीत उसण. ऑपरेटर दाराशी येऊन म्हणाली, "काका, जेवून तरी घ्या." तो तिच्यावर खेकसला.

'डी'च्या सहाव्या खणात 'डिस्टाफ' शब्दाचा गठ्ठा होता. सूत कातताना लोकर ज्या काठीला गुंडाळून ठेवतात ती काठी. गठ्ठा जरा जाड लागला. त्यानं गाठ शोधली.

गाठच नव्हती.

दोरा गठ्ठ्याभोवती चार फेरे फिरला होता, आणि त्याचं टोक कोपऱ्यावर फेऱ्यांच्या खाली दाबून बसवलं होतं. ओढलं की सुटेल, नाही तर वर्षानुवर्षं हलणार नाही. हा बंध त्यानं हजारो वेळा बांधला होता. शिशाच्या ओळींचं पान असंच बांधतात. गाठ मारली तर ती मध्ये येते, आणि सोडवायला बसलं की खिळे सांडतात.

अगदी असाच बंध त्याच्या टेबलावरच्या ठोकळ्याला होता.

त्यानं टोक ओढलं. 'डिस्टाफ'च्या चिठ्ठ्यांच्या पोटात त्रेचाळीस चिठ्ठ्या होत्या. तो तिथेच जमिनीवर बसून वाचायला लागला. अकराव्या चिठ्ठीवर त्याचं बोट थांबलं.

"अस्सं आहे होय!" तो मोठ्यानं म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याला सोमवारची ती टोचणारी चूकही सापडली.

५

गुरुवारी सगळे अध्यक्षबाईंच्या खोलीत जमले. काना-मात्रानं गठ्ठा टेबलावर ठेवला. ताईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"लपवणाऱ्यानं 'डिस्टाफ'चा खण निवडला," त्यानं सुरुवात केली. "कातणारीच्या चिठ्ठ्या कातण्याच्या काठीपाशी. हव्या तेव्हा परत सापडाव्यात म्हणून. म्हणजे शब्दांची नाती ज्याला कळतात असा माणूस. ऑपरेटर त्यातून सुटली."

"म्हणजे अडाणी ठरले ना मी?" ऑपरेटर म्हणाली.

"आज त्याचाच फायदा झालाय, गप्प बस. तशी इथे तीनच माणसं, ताई, सर आणि मी. आता हा दोरा बघा." त्यानं गठ्ठा जसा होता तसा पुन्हा बांधून दाखवला. "ताई एकतीस वर्षं दुहेरी गाठ मारतात. हा बंध जुळाऱ्याचा आहे. ज्यानं शिशाची पानं बांधलीत त्याचाच हात असं टोक दाबतो. लपवणारा घाईत होता. किल्ली परत खिळ्यावर जायची होती. डोक्याला सवड नव्हती, म्हणून हातानं आपलं जुनं काम केलं."

सर मोठ्यानं हसले. "संपलं की मग! या कचेरीत जुळारी कोण होतं? यांच्या टेबलावर जाऊन तो ठोकळा बघा, हाच बंध आहे. बाई, चोरानंच चोरी शोधून दिली तुम्हाला. मी काय, सरळ विद्यापीठातून इथे आलो."

अध्यक्षबाईंची काठी काना-मात्राकडे वळली. "खरं आहे का हे?"

"बंध माझ्यासारखाच आहे, अगदी खरं." त्यानं खिशातून ठोकळा काढून त्यांच्यासमोर ठेवला. "बाई, यावर काय लिहिलंय वाचता?"

अध्यक्षबाईंनी चष्मा वरखाली केला. "सगळं उलटं आहे. मला नाही वाचता येत."

"ताई?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"ऑपरेटरनं दहादा विचारलं. मी कोणालाच कधी सांगितलं नाही. शिशाचे खिळे उलटे असतात, छापल्यावर सुलटे दिसतात. खिळ्यांवरून थेट वाचायला वर्षं जातात. सोमवारी सरांनी हा उचलला आणि एका नजरेत वाचला. 'उशिरा येणाऱ्यांना प्रवेश नाही.' वर मला टोमणाही मारला." तो सरांकडे वळला. "कुठल्या छापखान्यात होता, सर?"

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"तुम्ही... कोणीतरी मला सांगितलं असेल," ते म्हणाले.

"कोणी?"

सर दाराकडे बघू लागले.

"आता कारण सांगतो," काना-मात्रा म्हणाला. "आपल्या कोशात एक रीत आहे. शब्दाचा इतिहास छापला की त्याखाली चिठ्ठी लिहिणाऱ्याची आद्याक्षरं छापतात. ही अकरावी चिठ्ठी. अक्षर ताईंचं, तारीख अकरा वर्षांपूर्वीची. ऐका. 'आधी ती बाईच्या हातातली टकळी होती, मग नावापुढचा धंदा झाला, मग कपाळावरचा शिक्का.' सरांच्या व्याख्यानात याच वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. शब्दन् शब्द हाच, मी तपासलाय. पुढच्या नऊ चिठ्ठ्याही तशाच. इतिहास छापला असता तर सरांच्या पदकाखाली ताईंची आद्याक्षरं आली असती. म्हणून एका ओळीचा हट्ट. आणि बाई, तुम्ही चिठ्ठ्या बघायला मागितल्या, म्हणून चोरी."

ताई उठल्या. त्यांनी ती पुस्तिका कधी उघडली नव्हती. त्या माणसाचं काही वाचायला आपल्याला वेळ नाही असं म्हणायच्या.

"माझं वाक्य," त्या म्हणाल्या. "माझं वाक्य घेतलंत, त्यावर पदक घेतलंत आणि मला म्हातारी बिनलग्नाची म्हणून सगळ्यांसमोर हिणवलंत?"

"तुम्हाला कोण ऐकणार होतं?" सर उसळून म्हणाले. "चिठ्ठ्या लिहिणारी बाई! आणि मला तरी कोणी ऐकलं असतं? बारा वर्षं मी शिशात हात काळे केले. जुळारी म्हटलं की लोक खुर्चीसुद्धा देत नाहीत. मी ते पुसून टाकलं, ते काय पुन्हा उगाळायला?"

"मी नाही पुसलं," काना-मात्रा म्हणाला. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटेल इतका त्याला राग आला होता. "वीस वर्षं मीही त्याच शिशात होतो. टेबलावर ठेवलंय, सगळ्यांना दिसेल असं. तुम्हाला हातांची लाज वाटली, आणि दुसऱ्याच्या हातचं उचलायची नाही वाटली."

अध्यक्षबाईंनी काठी जमिनीवर आपटली. "सर, टेबल रिकामं करा. आजच. जाताना पहारेकऱ्याला पिशवी दाखवा."

६

सर गेले, कोणाकडे न बघता. त्यांना निरोप द्यायला कोणी उठलं नाही.

ताई चिठ्ठ्या मोजत होत्या. त्रेचाळीस भरल्या, तरी त्यांनी पुन्हा मोजल्या. काना-मात्रा दाराशी रेंगाळला. आभार त्याला नकोच होते, पण काहीतरी हवं होतं.

"नऊ वर्षांपूर्वीची ती लाल फुली," ताई मान वर न करता म्हणाल्या. "चूक तुमची होती."

"माहीत आहे. त्याच संध्याकाळी कळलं होतं."

"मग नऊ वर्षं तोंडाला काय झालं होतं?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दुसऱ्याच्या बोलण्यात काढायला चूक सापडली नाही.

तेवढ्यात ऑपरेटर आली. खंड छपाईला जायची वेळ झाली होती आणि आतल्या पहिल्या पानावर ताईंचं नाव घालायचं होतं. "ताई, नावाआधी काय लावू?" तिनं जरा भीतभीतच विचारलं. "कुमारी की श्रीमती? सगळ्यांच्या आधी काहीतरी आहे, म्हणून विचारलं."

ताईंनी हातातली अकरावी चिठ्ठी गठ्ठ्यावर ठेवली. दोरा घेतला, दुहेरी गाठ मारली आणि ओढून घट्ट केली.

"आधी काही लावू नकोस," त्या म्हणाल्या. "नाव लिही, आणि पुढे माझं काम लिही."